एक्झिट कोड: ० आणि १ पुरेत, की ६४-७८ ची यादी पाळायची?

नीरजा_ठाणे
मंडळी, ऑफिसात आठवडाभर वाद चाललाय म्हणून इथे टाकतेय. आमच्याकडे रात्री शाखांकडून फायली येतात, त्या तपासून जुळवणी करणारं एक कमांड-लाइन टूल मी पायथॉनमध्ये लिहिलंय. शेड्युलर (ठरल्या वेळी जॉब सोडणारा प्रोग्राम) ते चालवतो आणि टूल कुठला एक्झिट कोड, म्हणजे संपताना मागे दिलेला आकडा, देतंय ते बघून पुढचा जॉब सोडायचा की नाही ते ठरवतो. आता बिघडायला पाच-सहा गोष्टी आहेत: फाईल आलीच नाही, आली पण अर्धवट, आकडे जुळत नाहीत, डेटाबेस झोपलेला, कुणीतरी ऑप्शनच चुकीचा दिला. माझा विचार होता की सिसएक्झिट्स या सी च्या हेडर फाईलमधले ६४ ते ७८ कोड सरळ उचलावेत, तयार यादी आहे, प्रत्येकाला नाव आहे. टीम लीड म्हणतो ० म्हणजे झालं, १ म्हणजे नाही झालं, बाकी लॉगमध्ये वाचा.
मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे मीटिंगमध्ये धड सांगताही येत नाहीये. ठरलेलं काही स्टँडर्ड आहे का? तुम्ही लोक काय करता?

विक्रोळी_ईस्ट
"लॉगमध्ये वाचा" म्हणजे रात्री ३ ला तू उठ आणि तू वाच. टीम लीड उठत नाही.

दादरकर_टर्मिनल
स्टँडर्ड म्हणाल तर फारच थोडं आहे. सी च्या स्टँडर्डमध्ये दोनच नावं, एक्झिट सक्सेस आणि एक्झिट फेल्युअर. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टमचं स्टँडर्ड) म्हणतं ० म्हणजे ठीक, त्याहून मोठं काहीही म्हणजे गडबड, आणि मग ज्या त्या कमांडच्या पानावर ज्याचं त्याचं. ग्रेप (फाईलमध्ये मजकूर शोधणारी कमांड) बघा: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, फाईलच उघडेना तर २. दोन फायलींची तुलना करणाऱ्या डिफचंही तेच, दोन्ही सारख्या तर ०, फरक असेल तर १, भानगड असेल तर २. म्हणजे या दोघांच्या बाबतीत १ ही चूक नाहीच, ते उत्तर आहे.

वरची हद्द मात्र पक्की आहे. पॅरेंट प्रोसेसला (ज्याने टूल चालवलं त्याला) नेहमीच्या वाटेने ८ बिटच मिळतात, ० ते २५५. त्यातला १२६ (फाईल आहे पण चालवता येत नाही), १२७ (कमांडच सापडली नाही) आणि १२८ अधिक सिग्नलचा (सिस्टमकडून प्रोग्रामला येणाऱ्या इशाऱ्याचा) नंबर हे शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, स्वतःच वापरतं. कंट्रोल-सी मारलं की १३०, किल मायनस ९ केलं की १३७, सेगफॉल्ट (मेमरीची चुकीची जागा वापरून पडणं) १३९. तेव्हा आपल्या टूलने १२५ च्या वर जाऊच नये. १२५ सुद्धा सोडलेला बरा, गिट बायसेक्ट रनमध्ये (बिघाड कुठल्या बदलात आला ते शोधणारी कमांड) त्याचा अर्थ "हे कमिट तपासता येत नाही, वगळ" असा होतो आणि कंटेनर सुरू करणारं डॉकर रन स्वतःच अडकलं तर तेही १२५ देतं.

आता ६४-७८. ती यादी बर्कलीची, एरिक ऑलमनच्या सेंडमेलच्या घराण्यातली, मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामांसाठी केलेली. म्हणून तर त्यात ६७ म्हणजे असा युजर नाही, ६८ म्हणजे असा होस्ट नाही, हे आहे. ६४ पासून सुरुवात का, तर खालचे नंबर लोकांनी आधीच मनाला येईल तसे वापरले होते, टक्कर नको म्हणून. फ्रीबीएसडीच्या मॅन्युअलमध्ये तर आता वापर टाळा असंच लिहिलंय. त्यामुळे स्टँडर्ड म्हणून मीटिंगमध्ये नेऊ नका, टीम लीडने हे पान उघडून दाखवलं तर पंचाईत.

चकली
मला आजही शेलमध्ये इफ लिहिताना ० म्हणजे खरं हे गिळायला एक सेकंद जातो. सी मध्ये ० म्हणजे खोटं शिकवलं आणि बाहेर आल्यावर उलटं. सासर-माहेर.

दादरकर_टर्मिनल
@चकली, व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टमवर तर विषम आकडा म्हणजे यश आणि सम म्हणजे अपयश होतं. तिथे आपलं ० दिलं की नापास. सासर बरंच बरं म्हणायचं.

पवई_ब्रँच
मी टीम लीडच्या बाजूने. आमचं सगळं कंटेनरमध्ये चालतं, ते चालवणाऱ्या कुबर्नेटिसला ० आणि ० नाही एवढंच कळतं बहुतेक वेळा, बाकी सगळं लॉगमध्ये जेसन (मशीनलाही वाचता येईल अशा साच्यातला मजकूर) म्हणून जातं, तिथून अलर्ट निघतो. एक्झिट कोड म्हणजे एक बाइट, त्यात किती कोंबणार? लॉगच्या ओळीत शाखा, फाईल, कितवी ओळ, सगळं सांगता येतं. पंधरा कोड करून ठेवलेस की सहा महिन्यांनी ७२ आणि ७४ मधला फरक तुलाच सांगता येणार नाही.

रात्रपाळी
मी पलीकडच्या बाजूचा माणूस, ज्याच्या स्क्रीनवर तुमचा कोड लाल होऊन येतो. ऐरोलीला ऑपरेशन्समध्ये आहे, लॉग बघायची परमिशन आम्हाला निम्म्या सर्व्हरवर नाहीच, ती डेव्हलपरांना. आमच्या हातात शेड्युलरचा स्क्रीन, त्यावर जॉबचं नाव आणि एक आकडा, आणि बाजूला रनबुक, म्हणजे काय आलं तर काय करायचं त्याची वही. रनबुकमध्ये "१ आला तर अमुकला फोन करा" एवढंच असेल तर मी प्रत्येक वेळी फोनच करणार, सगळ्या मजल्यांना एकच बेल लावल्यावर दुसरं काय होणार. डेटाबेस दहा मिनिटं खाली होता म्हणूनही फोन, आणि खरंच पैशाचे आकडे जुळत नाहीत म्हणूनही फोन. थोड्या दिवसांनी फोन उचलणारा झोपेतच विचारतो "रीरन केलं का?" आणि ज्या रात्री रीरन करायला नको होतं त्या रात्रीही तेच विचारतो.

नीरजाताई, मला पंधरा कोड नकोत. मला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: परत चालवू का, हात न लावता थांबू का, की तुम्हाला उठवू.

विक्रोळी_ईस्ट
+१. खरं तर +७५ (त्या यादीत ७५ म्हणजे थोड्या वेळाने परत चालव) :)

बॅच_काका
विक्रोळीकरांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय, पण आधी आमच्या काळचं सांगतो, तरुण मंडळींनी जांभया आवराव्यात.

मेनफ्रेमवर आम्ही ० आणि १ कधी बघितलंच नाही. ० ठीक, ४ म्हणजे वॉर्निंग, ८ चूक, १२ मोठी चूक, १६ म्हणजे आवरा. चाराच्या पटीत. कंपायलर, सॉर्ट, युटिलिटी, बहुतेक सगळे हेच पाळायचे, त्यामुळे नवीन प्रोग्राम आला तरी ऑपरेटरला शिकवावं लागत नसे. आणि अबेंड वेगळा. एस-शून्य-सी-सात आला म्हणजे आकड्याच्या जागी कचरा आलाय हे नरिमन पॉइंटला चहावाल्यालाही ठाऊक होतं. प्रोग्रामने विचार करून दिलेला रिटर्न कोड एक आणि प्रोग्राम आडवा पडला तो अबेंड वेगळा, या दोघांची तिथे गल्लत होत नाही. युनिक्सवर दोन्ही त्याच एका बाइटमध्ये येऊन बसतात, खरी रड ती आहे.

जेसीएलमधलं (मेनफ्रेमवर जॉब लिहायची भाषा) कंडिशन पॅरामीटर मात्र उलट्या खोपडीचं. कंडिशन ४ एलटी लिहिलं तर "४ हे आधीच्या कोडपेक्षा लहान असेल तर ही स्टेप करू नको". वाक्य तीनदा वाचून बघा. पुढे इफ-देन-एल्स आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

आणि एक. पूर्वी रात्री निवांत खिडकी असायची, चुकलं तर सकाळपर्यंत वेळ. डिसेंबर २०१९ मध्ये नेफ्ट चोवीस तास झालं, पुढच्या डिसेंबरात आरटीजीएस, आता खिडकीच नाही. तेव्हा रीरन करायचं की नाही हे मशीनला कळलं पाहिजे, माणसाला उठवून विचारण्यात अर्धा तास जातो.

चकली
काका, चहावाल्याला खरंच माहीत होतं?

बॅच_काका
त्याला एवढं माहीत होतं की सात म्हटलं की आज कटिंग जास्त लागणार.

पवई_ब्रँच
रात्रपाळी यांचा मुद्दा मान्य, लॉगची परमिशन नसते हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण मग प्रश्न बदलतो. "किती प्रकारे बिघडू शकतं" तेवढे कोड नकोत, "बोलावणारा किती वेगवेगळ्या गोष्टी करणार" तेवढे हवेत. डिस्क भरली आणि परमिशन नाही, दोन्हीला जर तोच फोन जाणार असेल तर कोड एकच द्या.

दादरकर_टर्मिनल
हो, आणि सिसएक्झिट्सच्या यादीतले काही आकडे टिकले ते याच कारणाने. पोस्टफिक्स (मेल सर्व्हर) मेल एखाद्या बाहेरच्या स्क्रिप्टला पाइप करतं (सोपवतं) तेव्हा त्या स्क्रिप्टचा कोड याच यादीप्रमाणे वाचतं. ७५ दिला तर मेल रांगेत राहतं, थोड्या वेळाने परत प्रयत्न होतो. ६७ दिला तर पाठवणाऱ्याला परत जातं. कोड वाचून वेगळं वागणारा कुणीतरी पलीकडे बसलाय म्हणून त्या आकड्यांना अर्थ आहे. ७२ आणि ७४ मध्ये फरक करणारा मला तरी अजून कुणी भेटलेला नाही.

लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीचंही तसंच. जावाची सर्व्हिस नीट थांबवली तरी १४३ येतो (१२८ अधिक सिगटर्मचे, म्हणजे थांबायला सांगणाऱ्या सिग्नलचे, १५) आणि स्टेटसमध्ये फेल्ड दिसतं, म्हणून युनिट फाईलमध्ये सक्सेस-एक्झिट-स्टेटस म्हणून १४३ टाकावं लागतं. क्रॉनला (लिनक्सच्या साध्या शेड्युलरला) मात्र कोडशी काही देणंघेणं नाही, आउटपुट आलं तर मेल, नाही आलं तर गप्प. क्रॉनमधून चालवत असाल तर ही सगळी चर्चा वाया.

घणसोली_गँग
विषय निघालाच आहे तर १३७ बद्दल. आमच्याकडे १३७ दिसला की लगेच "मेमरी वाढवा" असं तिकीट येतं. १३७ म्हणजे फक्त सिगकिल, न विचारता मारणारा सिग्नल. मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलं असेल, नाहीतर सिगटर्म देऊन ३० सेकंद वाट बघितली, तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून कुबर्नेटिसने मारलं असेल. पॉडच्या (कुबर्नेटिसमधल्या कंटेनरच्या गटाच्या) डिस्क्राइबमध्ये ओओएम-किल्ड (मेमरी संपली म्हणून मारलं) लिहिलंय का ते बघा आधी. कंटेनरमध्ये पहिली प्रोसेस शेल स्क्रिप्ट असेल आणि तिने एक्झेक न करता (स्वतःची जागा प्रोग्रामला न देता) प्रोग्राम सुरू केला असेल तर सिगटर्म प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, दर डिप्लॉयला १३७ येणार. मेमरी दुप्पट करा नाहीतर चौपट.

कुर्ला_जंक्शन
विंडोजवाल्यांची करुण कहाणी कुणी सांगितली नाही म्हणून मी. रोबोकॉपी, फायली कॉपी करणारी कमांड. फायली नीट कॉपी झाल्या की ते १ देतं. कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच तर ०. ते बिट आहेत, १ म्हणजे कॉपी झाली, २ म्हणजे तिकडे जास्तीच्या फायली आहेत, ३ म्हणजे दोन्ही, आणि ८ किंवा वर गेलं तरच खरी चूक. बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्सला हे कोण सांगणार, त्याने १ बघितला की बिल्ड लाल. जोपर्यंत काही कॉपी होत नव्हतं तोपर्यंत आमची बिल्ड हिरवीगार होती.

विक्रोळी_ईस्ट
हे म्हणजे काम केलंस तर मेमो, नाही केलंस तर अप्रेझल. रोबोकॉपी सरकारी खात्यातून आलंय का?

अंधेरी_लोकल
लिनक्सवाल्यांनी हसू नये, डिस्क तपासणारं एफएससीकेही बिटच देतं. १ म्हणजे चुका होत्या, दुरुस्त केल्या. ४ म्हणजे चुका तशाच राहिल्यात.

आणि कोडमध्ये चुकांची संख्या देणाऱ्यांपासून सावध. एका व्हेंडरचं टूल आमच्याकडे होतं, जितक्या ओळी चुकीच्या तितका एक्झिट कोड. कल्पना गोड आहे. फक्त २५६ चुका झाल्या की ८ बिटांत उरतं शून्य, आणि शून्य म्हणजे सगळं छान. रोबोट फ्रेमवर्क नापास टेस्टची संख्याच देतं पण त्यांनी आधी विचार केलाय, २४९ पर्यंत मोजतात, २५० म्हणजे "२५० किंवा जास्त", त्यावरचे आकडे दुसऱ्या कामांसाठी राखलेत. मोजायचंच असेल तर असं, नाहीतर मोजू नका.

नवशिका_२२
एक शंका, आमच्या स्क्रिप्टमध्ये वर सेट मायनस ई (कमांड चुकली की स्क्रिप्ट थांबव) आहे. लॉगमध्ये किती एरर आहेत ते ग्रेप मायनस सी ने मोजतो. ज्या दिवशी एकही एरर नाही त्या दिवशी स्क्रिप्ट मध्येच बंद पडते?? एरर असतील तर नीट चालते.

दादरकर_टर्मिनल
@नवशिका, वर लिहिलंय तेच. ग्रेपला काही सापडलं नाही की १, आणि सेट मायनस ई ला १ म्हणजे चूक, मग ग्रेपने शून्य छापलं असलं तरी. चांगल्या दिवशीच मरते स्क्रिप्ट. ती ओळ इफमध्ये घाला किंवा कोड व्हेरिएबलमध्ये धरून २ असेल तरच थांबा. डोळे मिटून पुढे "ऑर ट्रू" (काहीही झालं तरी ठीक म्हण) लावू नका, मग फाईलच नसेल तेही झाकलं जाईल.

चकली
आमच्याकडे एकाने प्रत्येक ओळीच्या शेवटी ऑर ट्रू लावलं होतं. अत्यंत सकारात्मक माणूस.

नीरजा_ठाणे
बाप रे, एवढं सगळं! रात्रपाळी आणि काका, खूप उपयोग झाला. पवईच्या म्हणण्यावरून यादी परत केली, आता असं वाटतंय: ० जुळलं, १ आकडे जुळत नाहीत (डिफसारखं, कारण ते उत्तर आहे, चूक नाही), २ ऑप्शन चुकीचा, ७५ थोड्या वेळाने परत चालवा. ठीक आहे का?

दादरकर_टर्मिनल
जवळजवळ. फक्त तो १ काढा. पायथॉनमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन (चालता चालता आलेली चूक) बाहेर आलं की ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याच्या ओळी) छापून प्रोसेस १ देऊनच मरते. म्हणजे समजा उद्या कुणी टूलमध्ये बदल करताना एक की चुकीची लिहिली, की-एरर आली, टूलने एकही ओळ तपासली नाही, आणि शेड्युलरला मिळालं १. तुमच्या यादीप्रमाणे त्याचा अर्थ "तपासलं, आकडे जुळत नाहीत". रात्रपाळी बिचारे शाखेला फोन लावणार की तुमच्या फाईलमध्ये घोळ आहे, आणि शाखेत मॅनेजर मुकाट हिशेब परत लावत बसणार. काका म्हणतात ती अबेंड आणि रिटर्न कोडची गल्लत हीच.

आपण विचारपूर्वक दिलेल्या उत्तराला असा आकडा हवा जो रनटाइम स्वतःहून कधी देत नाही. पायथॉनसाठी १ आणि २ सोडा, २ आर्गपार्स (ऑप्शन वाचणारी पायथॉनची लायब्ररी) स्वतः देतं ऑप्शन चुकला की, ते तसंच राहू द्या. गो मध्ये पॅनिकही (प्रोग्राम आडवा पडणं) २ आणि फ्लॅग चुकला तरी २. रस्टचा पॅनिक १०१. जावात मेन थ्रेडमधलं एक्सेप्शन सुटलं की १.

पवई_ब्रँच
हा मुद्दा भारी आहे. मग १ चा अर्थ आपोआप "टूलच आडवं पडलं, डेव्हलपरला उठवा" असा होतो, त्यासाठी काही लिहावंही लागत नाही. मी बाजू बदलतोय म्हणायला हरकत नाही, पण लॉग जेसनमध्येच ठेवा.

बॅच_काका
न जुळणाऱ्या आकड्यांना ४ द्या. जुन्या माणसाचं मन राखल्यासारखं होईल.

रात्रपाळी
फाईल आलीच नाही याला काय? आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच होतं. रात्री १ पर्यंत नाही आली तर थांबायचं असतं, १ नंतर नाही आली तर शाखेला फोन.

नीरजा_ठाणे
@रात्रपाळी, तेही ७५ मध्येच टाकते, परत चालव. वेळेची मर्यादा शेड्युलरमध्येच आहे, किती वेळा परत चालवायचं आणि कधी हार मानायची हे त्याने ठरवावं, टूलला घड्याळ कशाला. अर्धवट फाईल मात्र वेगळी. ती कितीही वेळा चालवली तरी अर्धवटच, तिला ६५ देतेय, डेटाच खराब. आणि काकांचा ४ घेतला.

तर अंतिम: ०, १ (टूल पडलं), २ (ऑप्शन), ४ (जुळत नाही), ६५ (फाईल खराब), ७५ (परत चालव). हेल्पच्या पानावर छापणार आणि रनबुकमध्येही. टीम लीडला दाखवलं, तो म्हणाला "हे आधी सांगायचं ना".

विक्रोळी_ईस्ट
हे वाक्य सगळ्या टीम लीडना जॉइनिंगच्या वेळी पाठ करून घेतात.

अंधेरी_लोकल
टूल थेट चालतंय की एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवून)? एसएसएच पलीकडच्या कमांडचाच कोड परत देतं, पण कनेक्शनच झालं नाही तर २५५. तोही शेड्युलरमध्ये परत-चालवच्या खात्यात टाका.

नीरजा_ठाणे
थेट. पण मध्ये एक रॅपर स्क्रिप्ट (टूलला आत घेऊन चालवणारी) आहे, ती आउटपुट टी कमांडला पाइप करून स्क्रीनवर आणि फाईलमध्ये दोन्हीकडे टाकते.

दादरकर_टर्मिनल
मग तुमचे सगळे कोड टी खाऊन टाकतोय. पाइपचा कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा, आणि टी ला फाईल लिहिता आली की तो खुशाल ० देतो. रॅपरमध्ये पाइपफेल (पाइपमधलं काहीही चुकलं तर तो कोड दे) लावा, किंवा बॅश असेल तर पाइपस्टेटसच्या ॲरेमधला पहिला आकडा उचलून तोच एक्झिट करा. आणि फंक्शनमध्ये लोकल लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट घेत असाल तर तेही तोडून दोन ओळी करा, नाहीतर तिथे लोकलचा स्वतःचा ० मिळतो, कमांडचा नाही.

नीरजा_ठाणे
आत्ता बघितलं. रॅपरमध्ये पाइपफेल नाहीये. म्हणजे आठवडाभर ज्यावरून भांडलो तो आकडा शेड्युलरपर्यंत पोचतच नव्हता?

रात्रपाळी
तरीच म्हटलं हा जॉब कधी लाल कसा होत नाही.

नवशिका_२२
हेल्प छापल्यावर ० द्यायचा की २? आमच्याकडे यावरून भांडण आहे.

दादरकर_टर्मिनल
मागितली म्हणून छापली तर ०, आणि स्टँडर्ड आउटपुटवर. ऑप्शन चुकला म्हणून छापली तर २, आणि स्टँडर्ड एररवर.

चकली
आणि मागितली नाही, चुकलंही नाही, तरी छापली तर?

बॅच_काका
१६.